‘पोरींच्या अपेक्षा वाढल्या’ म्हणणाऱ्यांना

लग्नसराई आली की मराठवाड्यातल्या गावोगावच्या ग्रुपवर एक मजकूर फिरतो: पोरींच्या अपेक्षा आभाळाला टेकल्यात, ८० टक्के पोरी वरच्या २० टक्के पोरांच्याच मागं असतात, म्हणून शेतकऱ्याचं पोरगं बिनलग्नाचं राहतंय, पैसा कमवा, बॉडी कमवा, रांग लागेल. तिशी गाठलेली पोरं हे खरं मानून स्वतःला कमी लेखतात, म्हणून एकेक मुद्दा घेऊ.

‘अपेक्षांमुळं पोरी मिळंनात.’ आधी पोरी आहेत किती ते मोजा. बीड जिल्ह्यात शून्य ते सहा वयोगटात हजार मुलांमागं २००१ ला ८९४ मुली होत्या, २०११ ला ८०७. निसर्गतः ९५० च्या आसपास असतात. २००१ ची लेकरं आज पंचविशी-तिशीत आहेत; ८०७ वाली पिढी तर अजून लग्नाला यायचीय. गर्भलिंग तपासणीवर बंदी घालणारा १९९४ चा कायदा असतानाही सोनोग्राफी करून ज्यांना पोटातच मारलं, त्या मुली आज कुठल्या स्थळात दिसणार? यात नकार देणाऱ्या पोरीचा दोष नाही आणि नकार पचवणाऱ्या पोराचाही नाही.

आणि अपेक्षा विचारतंय कोण? ऊसतोडीत मुकादम, म्हणजे मजूर नेणारा ठेकेदार, उचल (आगाऊ रक्कम) देतो ती कोयत्यावर. कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी, एकटा गडी अर्धा कोयता. दिवाळीच्या सुमारास निघालं की पाच-सहा महिने फडावर. वयात आलेली पोरगी गावात कुणाच्या भरवशावर ठेवायची, म्हणून अठराच्या आतच तिला उजवून टाकतात.

‘८०-२०.’ याला आधार म्हणून बहुतेकदा दाखवतात तो आकडा ओकेक्युपिड या अमेरिकन डेटिंग साइटचा, २००९ चा. तिथं बायकांनी ८० टक्के पुरुष दिसायला सरासरीहून कमी ठरवले. पण मेसेज त्या साध्या दिसणाऱ्यांनाही केले. देखण्या बायकांवर तुटून पडले ते पुरुष. एवढा भाग गाळूनच फॉरवर्ड पुढं सरकतो.

‘पैसा-बॉडी आली की जमतंय.’ सोयरीक मोडते ती वेगळ्याच जागी. बायोडाटात ‘१० एकर बागायत’ लिहितात; पाहुणे मोबाइलवर सातबारा काढतात तर त्यावर चुलत्यांची सामाईक नावं, आणि विहीर मार्चातच कोरडी. दोन एकर कोरडवाहू असेल तर तेच लिहा, कर्जही सांगा. बघायच्या कार्यक्रमात वडीलधारे बाजूला ठेवून मुलीशी अर्धा तास बोला: शेतात राबावं लागेल का, शिक्षण चालू राहील का, उन्हाळ्यात पाणी कुठून येतं. पोटजात, पत्रिका, ‘घटस्फोटित नको’ या आपल्या घरच्या अटीही एकदा कागदावर मांडा. आधीच कमी असलेली स्थळं आपणच किती कापतो ते कळेल.

‘बिनलग्नाचा तो कसला मर्द?’ अर्धा कोयता हा मुकादमाचा हिशोब. माणसाला तो कशाला लावायचा? या टोमण्यांनी झोप उडाली, दारू वाढली, जीव नकोसा वाटला तर १४४१६ वर टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनला फोन करा. मोफत आहे, रात्रीही उचलतात, मराठीत बोलतात.

तेवढं हताश होऊन एजंटाच्या नादी मात्र लागू नका. लाख-दोन लाख रोख, घाईघाईत देवळात लग्न, आठ-पंधरा दिवसांत नवरी दागिन्यांसह पसार, हा ठरलेला डाव आहे. मुलीच्या गावी, तिच्या घरी जाऊन या, शेजाऱ्यांना विचारा, आधार आणि शाळेचा दाखला ताडून बघा. रोख मागितली की तिथूनच उठा.