‘दोन दिवसांत सरळ’ म्हणणाऱ्या वाचकांना उत्तर

नमस्कार,

पिल्लू घरी आल्यावरच्या पहिल्या पंधरा दिवसांबद्दल मी लिहिलं, त्याखाली तुमची प्रतिक्रिया आली : “हे सगळे शहरी चोचले. आमच्या गावात कुत्र्याला कुणी शू करायला शिकवत नाही. नाक मुतात घासायचं, एक रट्टा द्यायचा, दोन दिवसांत सरळ. गेल्या महिन्यात आणलेल्या आमच्या पिल्लालाही असंच वळण लावतोय. तुमच्यासारख्या पोरींनी दोन व्हिडिओ बघून शहाणपणा शिकवू नये.” पुढे लशींचा खर्च, नोकरी करणाऱ्याने दर दोन तासांनी पिल्लाकडे कसं बघायचं, आणि फिनाईल, असे तीन मुद्दे.

आधी ‘तुमच्यासारख्या पोरीं’बद्दल. मी ४६ वर्षांची आहे. ज्या बाईला तुम्ही कधी पाहिलं नाही, तिच्याशी ही बोलायची रीत झाली का? मतभेद जरूर असावेत. पण तो लेख मी रात्री दोन-दोनदा उठून, पिल्लू मांडीवर घेऊन लिहिला आहे, आणि त्याची किंमत ‘दोन व्हिडिओ’ एवढी करताना तुम्ही जरा थांबायला हवं होतं.

फिनाईलचं मात्र तुमचं बरोबर. फरशी फिनाईलने पुसा असं मी लिहून गेले. पिल्लू फरशीही चाटतं आणि स्वतःचे पंजेही चाटतं, त्यामुळे ते त्याच्या पोटात जाऊ शकतं. ते वाक्य मी बदललं आहे.

आता गावाबद्दल. माझं माहेर कराड तालुक्यातलं. आमच्याकडे तांबड्या होता, त्याच्याआधी त्याची आई होती. तांबड्याला शू कुठे करायची हे कुणी शिकवलं नाही, हे खरं. कारण तो घरात कधी नव्हताच! रात्री गोठ्याच्या तोंडाशी, दुपारी उंबराच्या सावलीत. उंबऱ्याच्या आत पाय टाकला की आजी फुंकणी घेऊन उठायची. त्याला अख्खं शिवार मोकळं होतं. झोपायच्या जागेपासून लांब जाऊन घाण करायची कुत्र्याला उपजतच ओढ असते. पिल्लं तीन आठवड्यांची झाली की डुलत डुलत का होईना, कुशीतून बाजूला सरकून शू करायला लागतात. गावात त्या ओढीला जागा मिळते. तिसऱ्या मजल्यावरच्या दोन खोल्यांत ती मिळत नाही, ती आपण दाखवून द्यावी लागते. तेव्हा तुमच्या गावातली कुत्री रट्ट्याने शिकली, हे म्हणणंच चुकीचं आहे. त्यांना अंगण होतं.

आणि रट्टा मीही दिलाय. २००७ साली पुण्यात आम्ही पहिलं पिल्लू आणलं, बंड्या. शेजारच्या एका वडीलधाऱ्यांनी शब्दशः तुमचाच सल्ला दिला आणि मी तो ऐकला. कामावरून आल्यावर फरशीवर डबकं दिसलं की त्याचं नाक त्यात घासायचे आणि पेपरची गुंडाळी मारायचे. तीन तासांपूर्वी केलेली शू आणि आत्ता बसलेला मार, यांचा संबंध पिल्लाला लागत नाही. त्याला एवढंच कळतं की फरशीवर शू असली आणि ही बाई आली की मार बसतो. बंड्या माझ्यासमोर शू करेनासा झाला. पलंगाखाली करायचा, कपाटामागे करायचा, आणि मला वाटायचं, मुद्दाम करतो. पुढे पुढे पेपर उलगडल्याचा आवाज झाला तरी बसल्या जागी मुतायचा. सकाळी नवरा पेपर घेऊन बसला की हा फरशीला पोट टेकून सरपटत कोपरा गाठायचा. तेरा वर्षं जगला, त्याची ती भीती शेवटपर्यंत गेली नाही. हे माझ्या हातून झालंय. त्यामुळे याला कुणी चोचले म्हटलं की मला राग येतो, आणि तो मी लपवणार नाही.

आत्ताची चिंगी गावठी आहे, अकरा आठवड्यांची. या वयाचं पिल्लू फार तर दोन-तीन तास शू धरून ठेवतं. झोपून उठली, खाल्लं, खेळून झालं, की तिला उचलून गॅलरीतल्या मातीच्या ट्रेमध्ये ठेवते. शू होईपर्यंत मी गप्प. झाली की तिथल्या तिथे उकडलेल्या चिकनचा वाटाण्याएवढा तुकडा. खोलीत आणून दिला तर तिला वाटतं, खोलीत आल्याबद्दल मिळाला. चुकली तर मी फरशी पुसते, बाकी काही नाही. सतराव्या दिवशी ती झोपेतून उठली आणि आपणहून गॅलरीच्या दाराशी जाऊन उभी राहिली.

लशींचं म्हणाल तर, पार्व्होने (हा पिल्लांना होणारा विषाणूचा जीवघेणा आजार) रक्ताची हगवण लागलेलं पिल्लू ज्याने पाहिलंय तो खर्चावर वाद घालत नाही. सहा-आठ आठवड्यांपासून सोळा आठवड्यांपर्यंतचे डोस आणि तीन महिन्यांनंतरची रेबीजची लस, यात मी काहीही कमी करायला सांगणार नाही. नोकरीचा मुद्दा ज्याने-त्याने घरात बसून सोडवावा. प्रत्येकाच्या घड्याळाला मी पुरी पडू शकत नाही.

तुमची प्रतिक्रिया मी काढलेली नाही, काढणारही नाही. माझ्याशी हवं तेवढं भांडा, पोरगी म्हणा, काय वाटेल ते म्हणा. पण महिन्याभरापूर्वी आणलेल्या त्या पिल्लाला मारू नका, एवढं हात जोडून सांगते.