“हमखास गाभण राहते” या आश्वासनाबद्दल आमचे उत्तर

नमस्कार. मार्चमध्ये आपण आमच्या साखळीच्या दुकानातून अँटिऑक्सिडंट पावडरीचे दोन डबे १,८०० रुपयांना नेले, ते जर्सी संकरित गायीला नेमाने चारले, तरीही तीन वेळा रेतन करून गाय तिन्ही वेळा उलटली (गाभण न राहता पुन्हा माजावर आली), असे आपण लिहिले आहे. “हमखास गाभण राहते” असे आमच्या माणसाने सांगितल्याचा आपला मुख्य आक्षेप आहे आणि तो खरा आहे. मी त्याला विचारले, त्याने ते मान्य केले. असे आश्वासन कोणत्याही पावडरीच्या जोरावर देता येत नाही; ते आमच्या दुकानातून दिले गेले याबद्दल मी आपली मनापासून क्षमा मागतो.

मात्र पावडर म्हणजे “निव्वळ भुसा” आहे, हे आपले म्हणणे मला मान्य नाही. तिच्यात सेलेनियम, ई जीवनसत्त्व, जस्त आणि तांबे आहे. शरीरात सतत तयार होणाऱ्या घातक ऑक्सिजन-कणांपासून पेशींचे आवरण वाचवण्याचे काम ई जीवनसत्त्व करते, तर हेच संरक्षणाचे काम करणारे ग्लुटाथायोन पेरॉक्सिडेझ हे विकर (एन्झाइम) सेलेनियमशिवाय बनतच नाही. भाताच्या पेंढ्यात ई जीवनसत्त्व आणि कॅरोटीन अगदी थोडे असते, हिरव्या गवतात मात्र भरपूर; म्हणून आपल्याकडे एप्रिल-मेमध्ये, डोंगर करपल्यावर, पेंढ्यावर जगणाऱ्या जनावरांत ही उणीव पडू शकते. ती असेल तर विण्याआधीच्या भाकड काळात हे घटक दिल्याने जार (वार) अडकण्याचे प्रमाण कमी होते, याला चांगला आधार आहे. गर्भधारणेबाबत मात्र निष्कर्ष सारखे नाहीत: उणीव असलेल्या गायींत कधी फायदा दिसतो, पुरेसा खुराक मिळणाऱ्या गायींत बहुधा काहीच दिसत नाही. हे आम्हाला ठाऊक होते, तरी आपल्या गायीचा चारा-खुराक न विचारता आम्ही डबा हातात दिला.

आपल्या अभिप्रायात एक वाक्य सहज आले आहे, तेच मला सर्वांत महत्त्वाचे वाटते. माजावर आलेल्या गायीच्या सोटात (माजाच्या वेळी योनीतून येणाऱ्या चिकट स्रावात) “पांढरे धागे” दिसत होते, असे आपण लिहिले आहे. निरोगी माजाचा सोट काचेसारखा स्वच्छ असतो आणि लांब तार धरतो. त्यात पांढरे कण किंवा धागे असतील तर गर्भाशयाला सूज असण्याची दाट शक्यता असते, आणि अशा गर्भाशयात उत्तम रेतन केले तरी गर्भ टिकणे कठीण. ही सूज आमच्या पावडरीने बरी होत नाही. हा एक प्रश्न काउंटरवर विचारला असता तर आपले पैसे तर वाचलेच असते, पण त्याहून मोठी गोष्ट म्हणजे साधारण २१ दिवसांनी येणारे तीन माज वाया गेले नसते. दूध विकून घर चालवणाऱ्याला भाकड गाय पोसणे काय असते, हे मी घरच्या गोठ्यात पाहिले आहे.

कृपया पुढचे रेतन घाईने करू नये. जवळच्या सरकारी पशुवैद्यकीय दवाखान्यातील डॉक्टरांकडून गर्भाशय तपासून घ्यावे, सोटाचे वर्णन त्यांना आवर्जून सांगावे आणि उपचारानंतर कोणत्या माजाला रेतन करायचे ते त्यांनाच ठरवू द्यावे.

शेजाऱ्यांच्या सांगण्यावरून पावडर दुप्पट करण्याचा आपला विचार दिसतो. तो कृपया सोडावा. गायीच्या आहारात सेलेनियमची गरज पाण्याचा अंश वगळून उरणाऱ्या खाद्याच्या दर किलोमागे साधारण ०.३ मिलिग्रॅम इतकीच असते, बहुतेक खनिज मिश्रणांतही ते असते आणि जादा झाले तर विषारी ठरते. उरलेला डबा बंद ठेवावा.

दोन्ही डब्यांचे पूर्ण पैसे आम्ही परत करणार आहोत; बिल सापडत नसेल तरी चालेल, आमच्या वहीत नोंद आहे. दुकानातील “गाभण राहण्याची खात्री” ही पाटी मी आज सकाळी काढली.