ओढा काका, ओढा!

आमच्या इमारतीची लिफ्ट बंद पडली तेव्हा मला कळलं की मी चौथ्या मजल्यावर राहतो. तोवर मी ‘४’ नावाच्या बटणावर राहत होतो.

दुसऱ्या मजल्यावरच भाता बसला. नुसतं धापा टाकत उभं राहणं बरं दिसत नाही, म्हणून एका दारावरची पाटी वाचायला घेतली. पाटीवर शब्द तीन. ते वाचून होईनात, तेवढ्यात आतून काकूंनी दार उघडलं. “कोण पाहिजे?” उत्तर द्यायलाही श्वास लागतो हो.

डॉक्टरांनी हृदय तपासून ते ठीक असल्याचं सांगितलं. “बसून बसून दम गेलाय” म्हणत फिजिओथेरपिस्टकडे पाठवलं. ही मुलगी माझ्या भाचीच्या वयाची. म्हणाली, “काका, छाती आणि पोटामधला पडदा, श्वासपटल, हासुद्धा स्नायूच. त्यालाही व्यायाम लागतो. खुर्चीत बसून करायचा.” यातलं मी शेवटचं वाक्य तेवढं ऐकलं. पंचेचाळीस वर्षं या वाक्याची वाट पाहत होतो!

श्वासाच्या व्यायामाचं यंत्र तर घरातच होतं. बाबांच्या बायपासनंतरचं, तीन चेंडूंचं, माळ्यावर पडलेलं. ६००, ९००, १२०० असे आकडे. नळी तोंडात धरून जीव खाऊन फुंकलो. चेंडू ढिम्म.

“अरे, फुंकणी आहे का ती?” आई म्हणाली. “ओढायचं असतं.”

ओढलं. पहिला चेंडू वर गेला, दुसऱ्याने कूस बदलली, तिसऱ्याने दखलच घेतली नाही. चिरंजीवांनी तिन्ही एका दमात वर टेकवले. शहाळ्याच्या तळाचं पाणी ओढायचा सराव, दुसरं काय!

“ते ऑपरेशननंतर फुप्फुसं नीट उघडावीत म्हणून असतं,” फिजिओथेरपिस्ट हसत म्हणाली. “ताकद वाढवायला अडथळा हवा.” मग मुठीएवढं स्प्रिंगवालं यंत्र आलं. आत एक झडप. जोर लावून श्वास ओढल्याशिवाय ती उघडतच नाही. चकती फिरवली की स्प्रिंग आणखी आवळते. नाकाला चिमटा. सकाळी ३० श्वास, संध्याकाळी ३०.

दिवसाकाठी आपण वीसेक हजार श्वास घेतो, कुणाला सांगतही नाही. या साठांची मात्र घरभर वर्दी. सातव्या श्वासाला कान गरम, अकराव्याला हनुवटीवरून लाळेची तार. झडपेचा आवाज शिट्टी होण्याआधीच्या कुकरसारखा. एका संध्याकाळी बायकोने आतल्या खोलीतून ओरडून आईंना गॅस बंद करायला लावला. भात कच्चा राहिला. जेवताना माझ्याशी कुणी बोललं नाही.

“ओढा काका, ओढा! खांदे उचलू नका, पोट फुगू दे.” पोट फुगवायला सांगणारी ही आयुष्यातली पहिली बाई.

तिने सांगितलेली एक गोष्ट मात्र पटली. फार श्रमात श्वासाचे स्नायू थकले की शरीर पायांच्या रक्तवाहिन्या आवळतं आणि तिकडचा पुरवठा कमी करतं. म्हणजे मी इतकी वर्षं गुडघ्यांना शिव्या घातल्या, आणि हात मारणारी छाती निघाली!

सहा आठवड्यांत चकती दोनवरून पाचवर गेली. मी छाती काढून विचारलं, “आता चालायला नको ना?”

“काका, यानं श्वासाचे स्नायू तयार होतात. पायांचं पायांनाच करावं लागतं. आठवड्याला किमान १५० मिनिटं, भरभर.”

हे आधी सांगितलं असतं तर मी यंत्र विकत घेतलं नसतं. तिलाही ते ठाऊक असावं.

परवा लिफ्ट दुरुस्त झाली. दोन्ही हातांत भाजीच्या पिशव्या. आत त्याच काकू, दार धरून उभ्या. “येताय?” “नाही, जिन्याने,” मी ऐटीत म्हणालो. पहिला मजला गेला. दुसरा आला. पिशव्या खाली ठेवल्या, जरा मेथी सारखी करायला म्हणून.

लिफ्टचं दार उघडलं. काकू किल्ली शोधत म्हणाल्या, “अजून झाली नाही का वाचून पाटी?”