गांदोची शाळा एका ओळीत नको होती
वास्तुविशारद फ्रान्सिस केरे यांच्यावरील या लेखात वास्तुकलेतला मानाचा प्रित्झकर पुरस्कार (२०२२) आणि लंडनमध्ये सर्पेंटाइन गॅलरीसाठी २०१७ साली उभारलेला तात्पुरता मंडप, म्हणजे सर्पेंटाइन पॅव्हेलियन, सविस्तर आलाय, पण गांदोची शाळा एका ओळीत आटोपली, याची चुटपुट लागली. पश्चिम आफ्रिकेतल्या बुर्किना फासो देशातल्या गांदो या आपल्या जन्मगावी ती त्यांनी २००१ साली उभारली, तीही बर्लिनमध्ये शिकत असतानाच! गावकऱ्यांनी स्वतः मातीत थोडं सिमेंट मिसळून विटा पाडल्या. पत्र्याचं छप्पर खालच्या विटांच्या छतापासून बरंच वर उचललंय. छतातल्या भोकांतून गरम हवा वर निघून जाते आणि वर्ग तापत नाहीत. तिथल्याच ग्रंथालयाच्या छतात तर कापलेली मातीची मडकी बसवलीत, त्यांतून उजेड आणि वारा दोन्ही येतात. मला त्यांचं हेच काम सगळ्यात जास्त आवडतं. जमल्यास त्याचा फोटो लेखात जरूर जोडा.