हाकललेल्या कोचचं ऐकताना घ्यावयाची काळजी

एमएस करायला तुम्ही फ्लोरिडातल्या गेन्सव्हिलला पोचलात, बँकेत खातं उघडलं, बरा तांदूळ कुठे मिळतो ते कळलं, की एकच काम उरतं: युनिव्हर्सिटीच्या गेटर्स या अमेरिकन फुटबॉल संघाचे चाहते व्हायचं. नारिंगी टी-शर्ट घालून दोन्ही हात मगरीच्या जबड्यासारखे उघडमीट केले की झालं, असं सीनियर सांगतील. त्यांचं ऐकू नका. चाहत्याचा कस लागतो तो संघ हरल्यावर, नारळ मिळालेला कोच माइकसमोर येऊन बसतो तेव्हा.

अभ्यासाला गेटर्सचे माजी कोच विल मस्चॅम्पसाहेब घ्या. साहेब वाढले गेन्सव्हिलमध्ये, पण खेळले जॉर्जिया विद्यापीठाकडून, म्हणजे आपल्या कट्टर प्रतिस्पर्ध्याकडून. हे आधी पाठ करा. संघ जिंकला की 'आपल्या गावचा पोरगा', हरला की 'शेवटी जॉर्जियाचाच'. २०१२ मध्ये ११ सामने जिंकले तेव्हा ते गावचे होते. पुढच्याच वर्षी खालच्या विभागातला जॉर्जिया सदर्न संघ गेन्सव्हिलला आला, हाताने पुढे फेकायचा एकही पास पूर्ण न करता २६-२० ने जिंकून गेला. आपले दोन खेळाडू एकमेकांनाच अडवताहेत असा त्या सामन्यातला फोटो आहे. तो जपून ठेवा, कुठल्याही वादात चालतो.

मग १५ नोव्हेंबर २०१४. साउथ कॅरोलायनाकडून जादा वेळेत २३-२० ने हार, तीही घरच्या मैदानावर. हातातला सामना शेवटच्या काही मिनिटांत किका अडवू देऊन घालवलेला. समोरचे कोच स्टीव्ह स्परियर, एकेकाळचे गेटर्सचेच गाजलेले खेळाडू आणि कोच, ज्यांचा पुतळा याच स्टेडियमबाहेर उभा आहे. नवख्याला इथे प्रश्न पडतो, चिडायचं कोणावर? पुतळ्यावर चिडत नसतात. दुसऱ्या दिवशी मस्चॅम्पना नारळ मिळाला, हंगामाचे उरलेले सामने तेवढे सांभाळून जायचं ठरलं.

आता नीट लक्ष द्या. साहेबांच्या निवेदनाचा मथितार्थ असा, की मला सगळी संधी मिळाली होती, मी पुरेसे सामने जिंकले नाहीत, विषय संपला. हा शुद्ध कावा आहे. माणसाने सबबच सांगितली नाही तर चाहत्याने खोडायचं काय? अशा वेळी गडबडू नका. 'चार वर्षांनी सुचलं का?' म्हणा. त्यानंतर करार मोडल्याबद्दल त्यांना मिळायच्या ६० लाख डॉलरच्या वरच्या रकमेकडे बोट दाखवा आणि एवढ्या पैशात आम्हीही चूक कबूल केली असती, असं ऐकवा. (मैदानावर हाडं मोडून घेणाऱ्या पोरांना तेव्हा शिष्यवृत्तीपलीकडे फारसं काही मिळत नव्हतं आणि आपली सही विकून चार पैसे घेतले तरी कारवाई व्हायची. हा मुद्दा काढू नका. विषयांतर होतं.)

साहेब आणखीही एक बोलून गेले: संघात चांगले खेळाडू भरपूर आहेत, नवा कोच आला आणि खेळाडूच नाहीत म्हणाला, तर विश्वास ठेवू नका. यावर 'एवढे चांगले होते तर हरलात कसे?' हे उत्तर. खेळाडू कच्चे आहेत म्हणाले असते, तर 'पोरांवर ढकलतो, लाज नाही' हे उत्तर. दोन्ही आधीच तयार असल्यामुळे पत्रकार परिषद ऐकण्याचीही गरज राहत नाही, तेवढ्यात कपडे धुऊन होतात. निघता निघता त्यांच्या संघाने फ्लोरिडा स्टेट या दुसऱ्या विद्यापीठाविरुद्ध समोरच्यांचे चार पास हिसकावले आणि तरीही सामना २४-१९ ने घालवला. म्हणजे तयार उत्तर वाया गेलं नाही.

अडचण पुढे आली. २०१५ मध्ये नवे कोच जिम मॅकएल्वेन यांनी बव्हंशी त्याच खेळाडूंना घेऊन आपल्या लीगचा पूर्व विभाग जिंकला. साहेबांचं बोलणं खरं ठरलं की काय, अशी शंका येईल. येऊ देऊ नका. कच्च्या पोरांचं सोनं केलं मॅकएल्वेननी, असं म्हणायचं. २०१७ मध्ये जॉर्जियाने ४२-७ ने धुतल्यावर मॅकएल्वेनही गेले, तेव्हा पोरं पुन्हा गुणी झाली.

मस्चॅम्पसाहेब दरम्यान साउथ कॅरोलायनाला, स्परियरच्या खुर्चीत जाऊन बसले. तिथून त्यांना १५ नोव्हेंबर २०२० रोजी काढलं, म्हणजे त्या २३-२० च्या बरोब्बर सहाव्या वाढदिवशी. या वेळी भरपाई १ कोटी ३० लाख डॉलरच्या आसपास. बढती म्हणतात ती हीच.

एवढी तयारी झाली, की कुठलाही कोच तुमच्या तावडीतून सुटणार नाही. फक्त अलीकडे विद्यापीठच नियम पाळत नाही. २०२५ च्या ऑक्टोबरात गेटर्सचे कोच बिली नेपियरना काढलं ते मिसिसिपी स्टेटविरुद्ध २३-२१ ने जिंकल्याच्या दुसऱ्या दिवशी. म्हणजे पाठ केलेली सगळी उत्तरं हाताशी, आणि हरल्यावर माणूस काय बोलला म्हणून चिडायचं, तर तो हरलेलाच नाही! हा चाहत्यांवर अन्याय आहे. याविरुद्ध अर्ज कुठल्या खिडकीवर द्यायचा ते सीनियरना विचारून ठेवा.