मायचा इंटरव्ह्यू कसा घ्यावा

तुम्ही डॅलसला, आई दर्यापूर तालुक्यात, आणि मधे वांद्रे-कुर्ला संकुलातलं अमेरिकन कॉन्सुलेट. घाबरू नका. आमच्या दादानं त्याच्या आईला, म्हणजे माझ्या मोठमायला, ग्रीन कार्डाच्या मुलाखतीसाठी कसं तयार केलं ते मी जवळून पाहिलंय. जवळून म्हणजे फायली माझ्याच काखेत होत्या.

आधी नागरिक व्हा. नुसत्या ग्रीन कार्डावर मायबापाला बोलावता येत नाही. अर्ज करणारा पोरगा अमेरिकन नागरिक लागतो आणि २१ वर्षांचा लागतो. दादा ४६ चा आहे, त्यामुळे दुसरी अट त्यानं आरामात पार पाडली. पहिलीसाठी त्यानं शपथ घेतली, आणि त्याच दिवशी व्हिडिओ कॉलवर सांगितलं, "आई, आता आपण एकत्र राहू." मोठमाय म्हणाली, "कधी येतं मंग?" असा गैरसमज झाला तर लगेच दूर करू नका. अर्ज मंजूर व्हायला तसाही वेळ लागतो.

तेवढ्यात आईचा जन्म झाला होता हे सिद्ध करून घ्या. जन्म-मृत्यू नोंदणीचा कायदा १९६९ चा, मोठमाय त्याच्या कितीतरी आधीची. तिला विचाराल तर ती पटकन सांगते, "विनोबा पवनारहून तेलंगणात पायी गेले त्या साली, पोळ्याच्या करीले." म्हणजे १९५१. शाळेच्या दाखल्यावर मात्र १ जुलै १९५३ आहे, कारण मास्तरांनी त्या वर्षी अख्ख्या वर्गाला १ जुलैलाच जन्माला घातलं. मी हौसेनं तहसिलीत जाऊन कोतवाल बुक, म्हणजे गावच्या जन्म-मृत्यूची जुनी नोंदवही, काढलं. तिच्या बापाच्या नावापुढे 'मुलगी' एवढंच लिहिलेलं, आणि तारीख चक्क पोळ्याच्या करीची. असा कागद सापडला तर लगेच मिटवून ठेवा. खरी तारीख बाहेर आली तर आधारापासून पासपोर्टापर्यंत सगळं खोटं ठरतं. आई दोन वर्षांनी लहान झाली तर बिघडलं काय?

नावाचंही तसंच. माहेरची ती सुमन, लग्नात तांदळावर लिहून कमल केली. सातबाऱ्यावर 'कमलाबाई बेवा', बँकेत 'कमल', आणि दादाच्या जन्मदाखल्यावर आईचं नाव 'सुमन', कारण बाळंतपण माहेरी झालं आणि नोंद मामानं केली. ही बाई दादाची आई आहे हे दाखवायला आधी ही बाई तीच बाई आहे हे दाखवावं लागलं. त्यासाठी स्टॅम्प पेपरवर प्रतिज्ञापत्र. मोठमायनं सही केली आणि विचारलं, "आता मी कोन ठरली?"

मग डीएस-२६० नावाचा ऑनलाइन फॉर्म. हा आईसोबत बसून भरायची चूक करू नका. वयाच्या सोळाव्या वर्षापासूनचे सगळे पत्ते मागतात. मोठमायचा पत्ता 'मारोतीच्या देवळामागं'. त्यात घर क्रमांक नाही, रस्त्याला नाव नाही, आणि पावसाळ्यात रस्ताही नाही. समाजमाध्यमांवरची खाती मागतात. तिचं फेसबुक खातं तिच्या नातवानं उघडलेलं, त्यावर आमच्या गोऱ्ह्याचा फोटो. आणि मग सुरक्षेचे प्रश्न. मी एकेक वाचून, मराठी करून विचारत गेलो. तुम्ही कधी वंशसंहारात भाग घेतला का? "म्हंजे काय रे?" माणसं मारली का? "नाई बाप्पा. एक साप मारला होता, तोबी तुह्या मोठबाबानं." बंदूक, स्फोटकं, अणू, जैविक किंवा रासायनिक गोष्टींचं काही विशेष प्रशिक्षण? इथं ती खरंच विचारात पडली. "रासायनिक म्हंजे फवारा का? पंप पाठीवर घेतला हाय म्या, धा-बारा वर्षं." २०१७ साली यवतमाळकडं फवारणी करता करता माणसं मेली, तेव्हापासून सोडला म्हणाली. मी 'नाही' वर टिचकी मारली. अमेरिकेला हे कळलं असतं तर त्यांनी तिला आत घेतलं असतं की बाहेर ठेवलं असतं, मला सांगता येत नाही.

दादाला तिच्या खर्चाची हमी द्यावी लागते: उत्पन्न तिकडच्या दारिद्र्यरेषेच्या निदान सव्वापट आहे, असा कागद. हे मी समजावून सांगितलं तेव्हा मोठमायचा चेहरा पडला. दारिद्र्यरेषा एवढाच शब्द तिला ओळखीचा. "त्याले पिवळं कार्ड भेटलं का?"

आता मुख्य काम, सराव. मुलाखत मराठीतून देता येते, म्हणून तयारी इंग्रजीतून करून घ्या, आत्मविश्वास वाढतो. दादानं ६४ प्रश्नांची यादी उत्तरांसकट व्हॉट्सॲपवर पाठवली, मी ती मोठ्या अक्षरांत छापून आणली. डॅलसला रात्रीचे साडेआठ म्हणजे आपल्याकडं सकाळचे सात. जेवून, भांडी मशिनला लावून दादा अधिकारी व्हायचा, आणि इकडं म्हैस पान्हवलेली असायची.

"व्हॉट डज युवर सन डू?"

"कम्प्युटरवर बसते."

"आई, सीनियर क्लाउड आर्किटेक्ट म्हण."

"शिनेर काय?"

लेकरं किती, या प्रश्नावर ती रोज अडकायची. अडकायची म्हणजे दादाच्या मते. "चार झाले, दोन हायेत." दादा म्हणायचा, आई, दोनच सांग, अधिकारी गोंधळतो. ती बरं म्हणायची, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा चार. तुमची आई असं करत असेल तर चिडू नका, फक्त त्या प्रश्नावर खूण करून पुढं जा. आमच्या यादीत तो २३ वा होता.

कपड्यांचंही आधीच ठरवा. दादाच्या मते लुगड्यात माणूस गरीब दिसतो, म्हणून त्यानं ऑनलाइन पंजाबी ड्रेस आणि पळायचे बूट पाठवले. बूट आता माझ्या पोराच्या पायात आहेत.

मुंबईला दोनदा जावं लागतं. पहिल्यांदा मेडिकलला: छातीचा एक्स-रे, रक्त, आणि लहान पोरांसारख्या लसी. सत्तरीतली बाई दंड चोळत म्हणाली, "शाळेत घालून रायले का मले?" दुसऱ्यांदा मुलाखतीला. अकोल्याहून विदर्भ एक्स्प्रेस, रात्रभर मांडीवर फाईल, आणि सकाळी वांद्र्याच्या काचेच्या इमारतींत लुगडं नेसलेली एकटी मोठमाय. फोन आत नेता येत नाही. मी दोन्ही फोन धरून फुटपाथवर उभा, आणि दादा दर पाच मिनिटांनी मला विचारतोय, चौदाव्याचं उत्तर तिला आठवतंय ना?

दीड-दोन तासांनी ती बाहेर आली, आधी पाणी मागितलं.

"काय इचारलं?"

"हात वर करून खरं बोलतो म्हनाले लावलं. मंग पोरगं काय करते म्हने. म्या म्हनलं, कम्प्युटरवर बसते. लेकरं किती? म्या म्हनलं, चार झाले, दोन हायेत. त्यानं मान हालवली. चांगला होता बापडा. मंग म्हने, कधी जाता?"

"तू का म्हनलं?"

"हरभरा निघाला का."

"आन्?"

"हासला. पासपोट ठेवून घेतला."

पासपोर्ट ठेवून घेतला म्हणजे काम झालं. दादाला कळवलं तर तो म्हणाला, बघ, सरावाचा फायदा झाला. तुम्हीही हेच म्हणा. यादीची ६४ प्रश्नांची पानं परतीच्या गाडीत शेगावच्या कचोरीखाली धरायला कामी आली, तेल चांगलं शोषतात.

एकच लहानशी गोष्ट राहते. व्हिसाची मुदत बहुधा मेडिकलपासून सहा महिने असते. मोठमायची ७ मार्चला संपते. त्याआधी विमानातून उतरलं नाही, तर फुकट. आणि उतरल्यावर वर्षाच्या वर इकडं राहिलं तर कार्डाची पंचाईत. यातलं दुसरं आईला अजिबात सांगू नका, ती दर पोळ्याला यायच्या हिशेबात असते. पहिलं दादानं तिला तीनदा सांगितलं, मी पाचदा. तिकीट फेब्रुवारीअखेरचं काढायचं ठरलं.

आमचा खारपाणपट्टा. जमिनीखालचं पाणी पिकाला चालत नाही, हरभरा नुसत्या ओलीवर येतो. ऑक्टोबरात पेरला तर फेब्रुवारीत खळ्यात असतो. मोठमायनं यंदा नोव्हेंबर अर्धा सरल्यावर पेरला. वावराला वापसा नव्हता, म्हणजे माती पेरणीजोगी झाली नव्हती, म्हणाली.

तिचं वावर माझ्या वावराला लागून आहे, मधे फक्त धुरा. माझ्या वावरात दसऱ्यालाच वापसा आला होता.