चालू स्थितीत

आत्याचा व्हॉल्व्हवाला रेडिओ ऑनलाइन लिलावात काढताना मी वर्णनात तीनच गोष्टी लिहिल्या होत्या : जुना, जड, चालू स्थितीत. पहिल्या दोन गोष्टींवर आजतागायत कोणी हरकत घेतलेली नाही.

लिलावाचे नियम साधे होते. बोली हजार रुपयांपासून, रविवारी रात्री नऊला बंद, आणि शेवटच्या पाच मिनिटांत कोणी बोली लावली तर मुदत आणखी पाच मिनिटांनी वाढणार. ऐनवेळी गुपचूप येऊन माल उचलणाऱ्यांना आळा बसावा म्हणून हा शेवटचा नियम आहे म्हणतात. आठवडाभर रेडिओकडे कोणी ढुंकून पाहिलं नाही. ‘ब*२’ नावाच्या कुणाची हजाराची एकच बोली होती आणि आईच्या मते तेवढेसुद्धा जास्तच होते. आठ वाजून छप्पन्न मिनिटांनी ‘प*७’ उगवला आणि त्यानं बाराशे केले. ब* तेराशे. मग दोघं असे पेटले की साडेदहा वाजले तरी लिलाव मिटेना. आई ताट वाढून “आता पुरे कर रे” म्हणत होती, जणू बोली मीच लावत होतो. “एवढे पैसे आहेत तर हे लोक नवीन का घेत नाहीत?” हा तिचा प्रश्न रास्त होता, पण विक्रेत्यानं तो मोठ्यानं विचारायचा नसतो. सहा हजार आठशे पन्नासला प* गप्प झाला.

गावच्या जत्रेत देवापुढच्या नारळाचा लिलाव होतो तेव्हा समोरचा बोलीवाला दिसतो तरी. त्याला नारळ नको आहे, फक्त तुम्हाला मिळू द्यायचा नाही, हे त्याच्या तोंडावर वाचता येतं. पुकारणारा ‘एक वार, दोन वार’ म्हणून तिसऱ्या वाराआधी जरा रेंगाळतो, तेवढ्यात बायको मागून सदरा ओढते आणि संसार वाचतो. ऑनलाइन लिलावात सदरा ओढायला कोणी नाही. समोर माणूस नसतो, अ‍ॅपनं नाव झाकायला लावलेल्या चांदण्या असतात. आणि चांदण्यांशी इरेला पडणं फार सोपं.

मेक्सिकोच्या आखातात तेलाच्या क्षेत्रांचे लिलाव जिंकूनही कंपन्यांच्या पदरात फारसं काही का पडत नाही, याचा छडा तिघा अभियंत्यांनी १९७१ साली लावला. ज्याचा अंदाज सगळ्यांत जास्त फुगलेला, तोच सगळ्यांत वरची बोली लावतो आणि जिंकतो. अर्थशास्त्रात याला ‘विजेत्याचा शाप’ म्हणतात. आमचा विजेता ब* म्हणजे अकोल्याचे एक काका. त्यांनी काही हे वाचलेलं नव्हतं, पण रेडिओचं खोकं उघडताक्षणी शाप त्यांच्या लक्षात आला. आणि काका शाप निमूट सोसणाऱ्यांतले नव्हते. कोर्टात नोकरी करून निवृत्त झाले होते.

“भाऊ, रेडिओ पोचला. पण बंद आहे.”

“काका, बटण फिरवल्यावर किती वेळ थांबलात?”

“थांबलो ना! चांगले दोन-तीन सेकंद.”

व्हॉल्व्ह, म्हणजे आतल्या काचेच्या नळ्या, तापल्याशिवाय कामाला लागत नाहीत, अर्धा मिनिट तरी जातो, हे मी सांगितलं. पुन्हा फोन : आवाज आला, पण खरखर फार आहे. मी म्हटलं, मीडियम वेव्हला एलईडी दिवे, मोबाइलचे चार्जर, इन्व्हर्टर या सगळ्यांचा उपद्रव होतो, ते घटकाभर बंद करून पाहा. तिकडे खटाखट बटणं पडल्याचे आवाज आले आणि ५८५ किलोहर्ट्‌झवरचं नागपूर केंद्र मला इथे फोनवर ऐकू येईल इतकं खणखणीत लागलं.

“लागलं ना, काका?”

“लागलं. पण मग आम्ही काय अंधारात बसून ऐकायचं का, राजेहो?”

दुसऱ्या दिवशी एफएम लागत नसल्याचं उघडकीस आलं. देशात एफएम सुरू झालं ते १९७७ साली, मद्रासला. हा रेडिओ त्याच्याही आधीचा. जे जन्मालाच आलं नव्हतं ते त्यानं कसं पकडावं? काकांनी हे शांतपणे ऐकून घेतलं आणि लंडनकडे वळले. डायलच्या काचेवर दिल्ली, सिलोन, लंडन अशी नावं छापलेली आहेत, त्यातलं लंडन लागत नाही. म्हणजे वर्णन खोटं. मी म्हणालो, बीबीसी हिंदीनं शॉर्ट वेव्हवरचं प्रक्षेपण ३१ जानेवारी २०२० रोजी बंद केलं, तो निर्णय मला विचारून घेतलेला नव्हता. यावर ते म्हणाले, “पण काचेवर तर लिहिलेलं आहे ना?” सगळी हयात कागदावर लिहिलेल्याच्या भरवशावर काढलेल्या माणसाला काय उत्तर देणार!

रेडिओसोबत मी पोस्टाच्या शिक्क्यांचं जुनं रेडिओ लायसन्सही हौसेनं, फुकट पाठवलं होतं. काकांच्या दोषांच्या यादीत त्याचाही नंबर लागला : ‘परवान्याची मुदत संपलेली आहे.’ ते परवानेच ऐंशीच्या दशकात सरकारनं रद्द केले, हे सांगायचं त्राण माझ्यात उरलं नव्हतं.

मग त्यांनी रीतसर तक्रार टाकली आणि अ‍ॅपनं माझे पैसे अडकवून ठेवले. लासलगावला कांद्याच्या लिलावात असा वांधा निघाला, म्हणजे ट्रॉली रिकामी करताना खालचा माल वेगळा आहे असं व्यापारी म्हणाला, तर बाजार समितीची माणसं येतात, कांदा हातात घेतात, दोघांना चार शब्द सुनावतात आणि तिथल्या तिथे काहीतरी तोडगा काढतात. इथे माझ्याशी बोलत होतं एक यंत्र. ‘आपली गैरसोय आम्ही समजू शकतो’ हे त्याचं आवडतं वाक्य. त्यानं काकांकडे दोषाचा फोटो मागितला. खरखरीचा फोटो! काकांनी पाठवलासुद्धा. रेडिओ टेबलावर, काका त्याला कान लावून बसलेले, कपाळाला आठ्या. यंत्रानं कळवलं : ‘पुरावा ग्राह्य.’

ऑनलाइन लिलावांचा धंदा ज्यांनी जगभर नेला त्या ईबेची सुरुवात १९९५ साली एका लेझर पॉइंटरनं झाली असं सांगतात. मोडका होता, तरी १४ डॉलर ८३ सेंटला गेला. संस्थापकानं न राहवून घेणाऱ्याला विचारलं, अहो, मोडका आहे हे कळलंय ना? तो म्हणाला, मी मोडकेच जमवतो. माझ्या मते ऑनलाइन लिलावात पूर्ण समाधानी झालेला तो पहिला आणि शेवटचा ग्राहक. त्याच ईबेनं २००८ पासून विक्रेत्यांना घेणाऱ्याविषयी वाईट शेरा द्यायची बंदी केली. घेणाऱ्यानं मात्र विक्रेत्याचे वाटेल तसे वाभाडे काढावेत. जगभरातले विक्रेते तेव्हा का खवळले, हे मला अकोल्याचे फोन यायला लागल्यावर नीट उमगलं.

यंत्राकडून लवकर न्याय मिळेना तेव्हा काकांनी ठेवणीतलं हत्यार काढलं. नवरात्रात एका सकाळी त्यांचा संदेश आला, आकड्यांसकट : ‘वस्तू विक्री कायदा १९३०, कलम ६४, पोटकलम ६. विक्रेत्याने किंमत चढवण्यासाठी बनावट बोली लावल्यास घेणाऱ्याला सौदा रद्द करता येतो. प* हा इसम तुमचाच आहे.’

मी कायदा उघडून पाहिला. पोटकलम अगदी तसंच होतं. काका चोख माणूस. पण प* माझा नव्हता! मी तसं आईची शपथ घेऊन लिहिलं. आईनं शपथेला हरकत घेतली. बोलीवाल्यांची नावं सांगायला अ‍ॅप तयार नाही, कारण गोपनीयता. आता जो माणूस आपला नाही हे सिद्ध करायचं, तो कोण आहे तेच ठाऊक नाही. खरं सांगायचं तर त्या दिवसांत मलाच प*चा राग येऊ लागला होता. एवढा हौशी होता तर सात हजार करायला काय झालं होतं? हे सगळे फोन त्याला गेले असते.

दिवाळीत, नेमका पाडव्याच्या दिवशी फोन वाजला. काका बराच वेळ काही बोललेच नाहीत. मागे रेडिओ चालू होता, खरखर अजिबात नव्हती.

“भाऊ, तो प* सापडला.”

“कुठे?”

“घरातच.”

मुलगा हिंजवडीला नोकरीला. वडिलांच्या पंचाहत्तरीला लहानपणी घरात होता तसा रेडिओ द्यायचा, हे त्यानं कुणाला न सांगता मनाशी ठरवलं होतं. त्या रविवारी रात्री तो पुण्याच्या खोलीवरून आणि वडील अकोल्याच्या बैठकीतून एकमेकांवर बोली चढवत बसले होते. मध्ये आईचा फोन आला तेव्हा दोघांनीही तिला “आत्ता नको” म्हणून झटकलं होतं, ही नोंद काकूंनी मागून मोठ्यानं केली. सुट्टीला घरी आल्यावर रेडिओ बघून मुलगा दारातच ओरडला, “अरे, हा तर माझा गेलेला!”

काकांनी निकाल स्वतःच दिला. प* हा विक्रेत्याचा माणूस नसल्याने पोटकलम ६ लागू होत नाही, सौदा कायम. तक्रार मागे घेतली, माझे पैसे सुटले. शेरा मिळाला तीन तारे : ‘माल बरा. विक्रेता समजावून फार सांगतो.’

“पण एक राहिलं,” काका म्हणाले. “हा मध्ये पडला नसता तर रेडिओ मला हजारातच पडत होता. वरचे पाच हजार आठशे पन्नास मी याच्याकडून वसूल करणार आहे. कोणतं कलम लागतं ते पाहतो आहे. तुम्ही साक्षीला याल ना, भाऊ?”